पाच खोल्या, पाच कुलपं

28 फेब्रुवारी 2011 ची रात्र होती. जनगणनेच्या कामाला आम्हा शिक्षकांना जुंपलेलं होतं आणि त्या रात्री बेघरांची मोजदाद होती. बाकीच्या माणसांना मोजायला वीस दिवस, बेघरांना एक रात्र. मी बॅटरी, फॉर्मचा गठ्ठा आणि शाळेचा शिपाई घेऊन एस. टी. स्टँडच्या मागे गेले. चिंचेखाली तीन पालं होती, घिसाड्यांची. आत सतरा माणसं. सगळ्यात लहान पोरगं अकरा दिवसांचं, त्याचं नावही अजून ठेवलेलं नव्हतं. मी 'नाव ठेवले नाही' असं लिहिलं आणि घरी येऊन झोपले.

पुढे आकडे जाहीर झाले. देशात 17 लाख 73 हजार बेघर, आणि त्यातले 8 लाख 34 हजार खेड्यांत. बेघर म्हटलं की आपल्याला मुंबईचे फूटपाथ आठवतात. जवळजवळ निम्मी माणसं खेड्यातली निघाली. त्यातली सतरा माझ्या अक्षरात लिहिलेली.

त्या रात्रीनंतर दोन वर्षांनी, जुलैच्या पावसात, पाल वाहून गेलेलं एक कुटुंब आमच्या शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसलं. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी मुख्याध्यापिका. शिपायाला सांगून त्यांना पहाटे उठवलं. तपासणी छान झाली, शेरा उत्तम मिळाला. तो कागद अजून माझ्याकडे आहे.

2014 ला निवृत्त झाले. 2016 च्या दिवाळीत आमच्या गावात, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या साडेतीन हजार वस्तीच्या एका गावात, बेघर कुटुंबांसाठी निवारा सुरू झाला. पाच खोल्या आहेत. नऊ वर्षांत एकसष्ट कुटुंबं राहून गेली. लोक विचारतात, गाव कसं तयार झालं? गाव काही एका दिवशी तयार झालं नाही, आणि आजही सगळं गाव तयार आहे असं मी म्हणणार नाही. पण जे शिकले ते लिहून ठेवते. क्रमाला फार अर्थ नाही.

1. आधी मोजा, मग मागा

पहिल्यांदा मी ज्याच्या ज्याच्याकडे गेले त्याने एकच सांगितलं, "बाई, आपल्या गावात बेघर कोण आहे?" तो खोटं बोलत नव्हता. खेड्यात बेघर माणूस रस्त्यावर झोपलेला दिसत नाही. तो कुणाच्या गोठ्यात असतो, कुणाच्या ओसरीवर, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत, नाहीतर गावकुसाबाहेर पालात. पाल दिसतं, पण पालातली माणसं 'आपल्या गावात' धरली जात नाहीत.

मी चार महिने वही घेऊन आमचं आणि शेजारची पाच गावं फिरले. तेवीस कुटुंबं सापडली. घिसाडी होते, डवरी गोसावी होते, पारध्यांची दोन कुटुंबं होती, हे अपेक्षितच. पण सहा बायका अशा होत्या की नवऱ्याने टाकलेल्या, माहेरी भावजयीला नकोशा, पोरांना घेऊन आज इथं उद्या तिथं. आणि चार कुटुंबं आमच्याच जातगोतातली, मातीचं माळवद पावसात बसलेलं आणि पुन्हा उभं करायला पैसा नसलेली. त्यातलं एक तर गावातल्या सर्वांत मोठ्या भावकीतलं. नवरा, बायको, दोन मुली आणि म्हातारी, चुलतभावाच्या गोठ्यात म्हशींच्या शेजारी दीड वर्ष राहत होती. सगळ्यांना माहीत होतं. कुणी त्याला बेघर असा शब्द लावला नव्हता, एवढंच.

वही नसती तर माझं बोलणं म्हणजे निवृत्त बाईंचा छंद ठरला असता.

2. भाषणाने टाळ्या मिळतात

26 जानेवारी 2016 च्या ग्रामसभेत मी उभी राहिले. गावात बंद पडलेल्या दूध संकलन केंद्राची इमारत ग्रामपंचायतीच्या ताब्यात होती, ती मागायची होती. एकतीस वर्षं वर्गात बोललेली बाई मी, बोलता मला येतं. मी म्हणाले, आषाढात आपल्या गावात दिंड्या मुक्कामाला असतात. हजार-हजार माणसांना आपण पिठलं-भाकरी वाढतो, शाळा उघडून देतो, पाय चेपतो. कुणाला आधार कार्ड विचारत नाही. मग पावसात भिजलेल्या पाच कुटुंबांना का विचारतो?

टाळ्या पडल्या. एका पोराने व्हिडिओ केला. सरपंचांनी मान डोलावली आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मी खूश होऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात दोघीतिघी बोलत होत्या त्या मी गेल्यावर गप्प झाल्या. माझ्या लक्षात यायला आठवडा लागला. मी अख्ख्या गावाला भर सभेत ओशाळं केलं होतं, तेही विठोबाचं नाव घेऊन. ओशाळलेला माणूस टाळ्या वाजवतो आणि पुन्हा तुमच्या वाटेला जात नाही. मला ते भाषण आजही आवडतं, पण त्याने निवाऱ्याची एक वीटसुद्धा हलली नाही.

3. 'नाही' म्हणणाऱ्याच्या घरी जा

त्या सभेत एकच माणूस उघड विरोधात बोलला. त्यांना इथे आप्पा म्हणते. वय तेव्हा साठ, बारा एकर जमीन, आवाज खणखणीत. ते म्हणाले होते, "बाई, तुम्ही आमच्या पोरांना शाळा शिकवली, उपकार आहेत. आता आम्हाला माणुसकी शिकवू नका."

आठवड्याभराने मी त्यांच्याकडे गेले. वहिनींनी चहा ठेवला. मी वही काढली आणि म्हणाले, आप्पा, तुमच्या हरकती सांगा, मी लिहून घेते. त्यांना वाटलं मी वाद घालायला आलेय. मी खरंच लिहून घेत होते, हे बघून त्यांचा आवाज खाली आला.

पहिली हरकत पाणी. ते वर्ष आठवतं ना? त्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आमच्याकडे टँकर चार दिवसांआड. "आमच्या बाया हंडे घेऊन रांगेत, आणि तुम्ही पाहुणे आणताय," आप्पा म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसरी हरकत चोरीमारीची. तिसरी हरकत मात्र मला सर्वांत खरी वाटली: ही माणसं एकदा बसली की उठणार नाहीत, मतदार यादीत नाव घालतील, उद्या गायरानात झोपड्या टाकतील. गायरानाचा विषय आमच्याकडे फार हुळहुळा आहे. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा निकाल दिल्यापासून ज्याचा एक गुंठा सरकलेला आहे तोही रात्री दचकून उठतो. आप्पांचाही बांध थोडा सरकलेला आहे, हे मला नंतर कळलं.

या तीन हरकती म्हणजे माझ्या कामाची यादी झाली. पाण्यासाठी इमारतीच्या पत्र्यांना पन्हाळी लावून पावसाचं पाणी साठवायचं आणि निवाऱ्याने टँकरच्या रांगेत उभं राहायचं नाही, असं ठरलं. मुक्कामाची मुदत अकरा महिने, लेखी. इमारतही ग्रामपंचायतीने अकरा महिन्यांच्या करारानेच द्यायची, दरवर्षी ग्रामसभेपुढे नूतनीकरण. आमच्या काही शहरी हितचिंतकांना हे अपमानास्पद वाटलं. मला नाही वाटलं. दरवर्षी गावाने पुन्हा 'हो' म्हणावं, यात वाईट काय आहे?

1 मेच्या ग्रामसभेत ठराव आला तेव्हा आप्पाच उभे राहिले. पाठिंबा द्यायला नव्हे, अटी नीट लिहिल्यात का हे बघायला. "प्रोसिडिंगला घ्या सगळं," असं ग्रामसेवकाला दरडावलं. ठराव मंजूर झाला.

आणि जे पहिल्या दिवसापासून "बाई, उत्तम काम, आम्ही तुमच्या पाठीशी" म्हणत होते, त्यांपैकी बरेच जण अजून पाठीशीच आहेत. पुढे आलेले नाहीत. अशा माणसाला मी आता लगेच विचारते, कोणत्या वारी येता?

4. पैसे सगळ्यात शेवटी

पहिल्या वर्षी मी गावात एक रुपया मागितला नाही. दुष्काळात मागायला तोंडही नव्हतं. मी जुनी दारं मागितली. खेड्यात नवं घर बांधलं की जुनी दारं-खिडक्या, चौकटी, पत्रे गोठ्यात पडून असतात. सात दारं आली, पाच बसली. गवंड्याकडून एक दिवस मागितला, सुताराकडून दोन. वडारवाडीतल्या तिघांनी फरशी बसवून दिली. ते स्वतःच पंचवीस वर्षांपूर्वी पालात राहिलेले. वायरमनने सुट्टीच्या दिवशी येऊन वायरिंग केलं.

ज्याने दार दिलं तो येता-जाता आपलं दार बघतो. "आमच्या वाड्याचं दार आहे ते," असं पाहुण्यांना सांगतो. शंभराची नोट दिलेल्याला नोट दिसत नाही.

पाऊस बरा झाल्यावर, 2017 च्या फेब्रुवारीत, ज्वारीची रास होताना मी खळ्यावर जाऊ लागले. एक पायली. जास्त दिली तरी पायलीच घ्यायची असा नेम केला. पूर्वी खळ्यावर बलुतेदार यायचे, त्यांचा वाटा असायचा. म्हाताऱ्या माणसांना ती रीत आठवते. मागून देणं आणि वाटा म्हणून देणं यात हाताची ढब बदलते. पहिल्या वर्षी अडतीस पायल्या झाल्या, यंदा एकशे बारा. मालदांडीच जास्त. आता राशी मळणी यंत्रावर होतात, खळं असं राहिलेलं नाही, तरी मी 'खळ्यावर जाते' असंच म्हणते.

रोख देणगीची पेटी ठेवली ती निवारा सुरू झाल्यावर. आणि लगेच 8 नोव्हेंबर 2016 ची नोटाबंदी आली. त्या आठवड्यात आमच्या गावाच्या दानशूरपणाला जो ऊत आला तो पुन्हा दिसला नाही. पाचशेच्या, हजाराच्या नोटा घेऊन माणसं दारात. मी 9 तारखेला सकाळीच ग्रामसेवकासमोर पेटी उघडून, मोजून, सही घेऊन बंद केली होती, म्हणून वाचले. एका गृहस्थाने तर "बाई, अर्धे ठेवा, अर्धे नंतर परत द्या" असंही सुचवलं. त्यांनी आजतागायत नवी नोट दिलेली नाही.

5. हिशेब फळ्यावर

मारुतीच्या देवळासमोर शाळेतला एक जुना फळा टांगला. महिन्याच्या पाच तारखेला मी खडूने जमाखर्च लिहिते. विजेचं बिल, फिनेल, राखणदार मावशींचा पगार, औषधं, आलेली ज्वारी. निवाऱ्याची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, लेखापरीक्षण दरवर्षी होतं, पण ऑडिटचा कागद गावात कोण वाचतो? फळा वाचतात.

वाचतात हे कळलं ते असं. एका महिन्यात माझी बेरीज 340 रुपयांनी चुकली. संध्याकाळी आप्पा दारात उभे. "गणित तुम्हीच शिकवलं होतं ना आमच्या थोरल्याला?" मी फळ्यावर चूक दुरुस्त केली आणि खाली लिहिलं, 'मागील बेरीज चुकली होती.' त्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त पैसे आले. का, ते मी सांगू शकत नाही. मुद्दाम चुकायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

6. नोंदवही म्हणजे हजेरी नव्हे

पोलीस पाटलांचं म्हणणं रास्त होतं: राहणाऱ्यांची नावं लिहा. मी वही केली, नाव, वय, कुठून आले, अंगठा. पहिल्याच पारधी कुटुंबातल्या म्हातारीने अंगठा द्यायला नकार दिला. रागाने नाही. हात पदराखाली घेऊन ती नुसती बसून राहिली. सून म्हणाली, "बाई, ती हजेरी देणार न्हाई."

हजेरी हा शब्द ऐकून मी थांबले. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, त्यांची नोंद, पुढे बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी चौकीवर हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. सेटलमेंट हा शब्द तिथे अजून पत्त्यात लिहितात. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा गेला, म्हणून त्या दिवसाला विमुक्त दिन म्हणतात. म्हातारीच्या बापाने ती हजेरी दिलेली होती. मी एकतीस वर्षं शाळेत रोज हजेरी घेतली, त्या शब्दाला असा वास असेल हे मला ठाऊक नव्हतं.

वही ठेवावीच लागते. ती नसती तर पुढे 2018 ला काय झालं असतं, त्याचा विचार नको वाटतो. पण आम्ही अंगठा काढून टाकला. नाव त्यांनी सांगावं तसं लिहायचं, ते त्यांच्यासमोर वाचून दाखवायचं, आणि वही निवाऱ्यातच राहील, चौकीवर जाणार नाही. पोलीस पाटलांना बघायची तर त्यांनी यावं, चहा प्यावा, बघावी. ते येतात. चहा पितात.

7. फोटो

सुरुवातीला मी मुलांचे फोटो काढून पुण्या-मुंबईच्या माझ्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकत असे. शेंबडं नाक, मोठे डोळे. पैसे येत. एक दिवस एका आईने विचारलं, "बाई, तुमच्या नातवाचा असा फोटो तुम्ही टाकता का?" बंद केलं. पैसे कमी झाले. अजूनही कमीच आहेत.

8. अफवेच्या रात्री कोण उभं राहतं

2018 च्या जूनमध्ये मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फोनाफोनांवर फिरत होते. आमच्याकडे तेव्हा एक डवरी गोसावी कुटुंब होतं. पोराबाळांसकट सहा जण. एका संध्याकाळी निवाऱ्यासमोर चाळीसेक माणसं जमली, बरेचसे माझेच विद्यार्थी. मी पुढे झाले, पण माझ्या आवाजाला त्या वेळी काही किंमत नव्हती. "बाई, तुम्ही बाजूला व्हा," असं ज्याने म्हटलं त्याला मी बाराखडी शिकवलेली आहे.

ती रात्र निभावली ती बचत गटाच्या बायकांमुळे. आधीच्या उन्हाळ्यात त्या कुटुंबातल्या दोघी त्यांच्याबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसायच्या. महिनाभर एकाच पोत्यावर बसून गप्पा झालेल्या. त्या सात-आठ जणी येऊन दारात बसल्या आणि त्यातली एक आपल्याच दिराला म्हणाली, "ही शेवंता हाय. हिचं पोर माझ्या मांडीवर झोपतंय. जा घरी, जेवण झाकून ठेवलंय." पोलीस पाटलांनी वही आणून नावं वाचून दाखवली. माणसं पांगली. कुणी माफी मागितली नाही, कुणी मागेल असं मला वाटलंही नव्हतं.

1 जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी. बहुतेक आमच्या सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. आमच्याकडच्या कुटुंबाचे लांबचे सोयरे त्यांच्या ओळखीचे निघाले. 3 तारखेच्या पहाटे ते कुटुंब न सांगता गेलं. खोली झाडून, कुलूप लावून, किल्ली मावशींच्या उंबऱ्यावर ठेवून गेले. आम्ही त्यांना थांबवायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही.

सभा, पत्रकं, मान्यवरांच्या भेटी हे सगळं मी केलं. त्या रात्री कामाला आलं ते शेंगांचं पोतं. त्यानंतर कोणतंही कुटुंब आलं की पहिल्या आठवड्यात मी एकच बघते: या माणसांना गावातल्या कुणाबरोबर तरी बसून करायचं काम मिळालं का?

9. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण निवाऱ्याचं निम्मं काम हेच. शहरांत बेघरांसाठी निवारे असावेत, लाखभर लोकसंख्येमागे एक, असं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ठरलं; 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात तशी योजना आली. ती नागरी. गावाला त्यात जागा नव्हती. गावात प्रधानमंत्री आवास योजना आहे, सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये. पण घर बांधायला आधी पायाखाली जागा हवी. जागा घ्यायलाही अर्थसाहाय्य आहे, पण त्याला कागद हवेत. भटक्या-विमुक्तांच्या जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबाने कधी भिंतीला पाठ टेकली नाही, त्याने 1961 सालचा राहण्याचा पुरावा आणायचा!

मी एका कचेरीत हे म्हणून पाहिलं. साहेब हसले. म्हणाले, "बाई, आम्हाला पटतं, पण रकाना आहे." आम्ही जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांत नावं शोधतो. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकांची एक फळीच आता हे काम करते. कुणाच्या चुलत्याचं नाव 1958 साली तिसरीत सापडलं की आम्हाला पेन्शन वाढल्यासारखा आनंद होतो. एकसष्टपैकी चौदा कुटुंबं आज स्वतःच्या घरात आहेत. सत्तेचाळीस नाहीत, हेही त्याच फळ्यावर लिहिलेलं आहे.

10. कुलूप

सुरुवातीला आम्ही एकच मोठा हॉल ठेवणार होतो, मध्ये पडदे, एकत्र स्वयंपाक. स्वस्त पडतं. गोठ्यातल्या ज्या कुटुंबाबद्दल वर लिहिलं, त्यांच्या म्हातारीला आराखडा दाखवला. तिने विचारलं, "सुनेला कापडं बदलायची झाली तर?" आम्ही पत्र्याच्या भिंती टाकून पाच खोल्या केल्या. प्रत्येकीला वेगळी चूल आणि आतून कडी, बाहेरून कुलूप. किल्ली त्यांच्याकडे. दुसरी किल्ली कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही. यावरून निवाऱ्याच्या समितीत भांडण झालं, एकाने राजीनामा दिला. आग लागली तर काय, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आम्ही कोयंडे असे बसवले की लाथेने निघतील.

कुलपं गावातल्या हार्डवेअरवाल्याने दिली, पाच. कुटुंब जाताना कुलूप घेऊन जातं, असं पुढे आपोआप झालं. आम्ही कधी हटकलं नाही. दुकानदार म्हणतो, माझी छप्पन्न कुलपं नेली लोकांनी. म्हणतो आणि सत्तावन्नावं काढून देतो.

आज पाचपैकी चार खोल्या भरलेल्या आहेत. करार मे महिन्यात पुन्हा ग्रामसभेपुढे आहे, आप्पांनी अटींची यादी मागवली आहे. तिसऱ्या खोलीचा पत्रा दोन पावसाळे गळतोय. तो मृगाच्या आधी बदलायचा आहे. पत्रे आलेत, बदलणारा हात हवा. तुम्हाला पत्र्याचं काम येत असेल तर दोन दिवस काढून या, तारीख मात्र आधी सांगा. जेवण आमच्याकडे. भाकरी ज्वारीचीच असेल.